वायरमनच्या बाई

बाईंवर माझा विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं वाचून तुम्हाला वाटायचं की मी पहिल्यापासून त्यांची भक्त होते. मी कुणाचीच भक्त नाही. घरमालकीण पातेलं परत न्यायला आली तरी ती आत काय बघून गेली याचा मी तासभर विचार करते. हा स्वभाव काही चांगला नाही, मला कळतं. पण मराठवाड्यातून यायचं आणि मारुंजीत पाच वर्षांत चार घरं बदलायची म्हटल्यावर माणूस दुसरं काय होणार?

पिरंगुटच्या औद्योगिक वसाहतीला लागून एक खाजगी आयटीआय होतं. तिथे मी 'कोपा' शिकवायचे. कोपा म्हणजे कॉम्प्युटर चालवायला शिकवणारा ट्रेड. एक सोडून आम्ही सगळे कर्मचारी करारावर होतो. अकरा महिने काम, मग चार दिवसांचा खंड, मग पुन्हा अकरा महिन्यांचा नवा करार. तीसेक जणांत बायका सात. त्यातली एक वायरमन ट्रेडची, आणि आमच्या कर्मचारी संघटनेची महिला प्रतिनिधीही तीच.

वय बावन्न. पाचवारी साडी, तिच्याखाली वर्कशॉपचे जाडजूड काळे बूट, आणि अंबाड्यात खोचलेला टेस्टर. हो, विजेचा टेस्टर. बायका गजरा माळतात तसा बाई टेस्टर माळायच्या. कुठल्याही खोलीत शिरल्या की खुर्चीवर बसायच्या आधी भिंतीवरचा बोर्ड बघायच्या. मुलांना पहिल्या दिवशी फळ्यावर काही लिहून देत नसत. एवढंच सांगत, "लाईन बंद हाय म्हनून कुनी सांगितलं, तर त्याला हो म्हनायचं, आन टेस्टर लावायचा. सांगनारा मानूस चांगला आसंल. त्याचा तारेशी काय संबंध?"

आम्हाला कुणालाच त्या नावानं हाक मारत नसत. मी 'कोपा', शिवणकामाची निदेशिका 'शिवण', संघटनेचे चिटणीस 'फिटर'. प्राचार्यांना मात्र 'सायेब' म्हणायच्या, पण ते असं काही म्हणायच्या की त्यापेक्षा नावानं हाक मारली असती तर बरं, असं साहेबांना वाटत असावं.

संशयाला जागा कशी होती ते सांगते. संस्था उभी होती ती जमीन बाईंच्या सासऱ्यांची. जागा देताना एका सुनेला कायमची नोकरी द्यायची असं ठरलं होतं म्हणे. म्हणजे तीस जणांत करार नसलेली ही एकटी. कासारसाईकडे त्यांचं मोठं घर, भाड्यानं दिलेल्या खोल्यांची रांग, दारात तीन गाड्या. आणि बाई कामाला यायच्या कशातून, तर दुधाच्या टेम्पोतून! ड्रायव्हरशेजारी बसून, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. गाडी असून टेम्पोनं येणाऱ्या माणसाला आपण साधे आहोत हे कुणाला तरी दाखवायचं असतं, असा माझा सरळ हिशोब. खरं कारण मला आजवर कळलेलं नाही.

दुसरी गोष्ट त्याहून वाईट. रोज सकाळी साडेअकराच्या सुमारास बाई प्राचार्यांच्या केबिनमध्ये जायच्या. दार न वाजवता. आत दहा-पंधरा मिनिटं. बाहेर आल्या की चेहरा निवांत. केबिनमध्ये रोज कुणी काय बोलायला जातं? आणि ज्या बाईला आमच्या अडचणी सांगायच्या, तीच रोज तिथे जाऊन बसत असेल, तर आम्ही सांगायचं काय आणि कुणाला? शिवण तर उघडच म्हणायची, "मॅनेजमेंटचा कान आहे तो. तुम्ही नवीन आहात, जपून राहा."

मी जपून राहिले. पण बाईंची गंमत वाटायची हेही खरं.

संघटनेची बैठक शनिवारी जेवणानंतर फिटरच्या वर्कशॉपमध्ये व्हायची. चिटणीस गोड माणूस. प्रत्येकीला ताई म्हणायचा आणि बैठक सुरू झाली की म्हणायचा, "महिला प्रतिनिधींनी जरा चहाचं बघावं." माझ्या पहिल्याच बैठकीत बाई उठल्या नाहीत. म्हणाल्या, "लिवा."

"काय लिहू?"

"इतिवृत्तात लिवा. इषय एक, चहा. महिला प्रतिनिधीनं चहाचं बगावं आसा ठराव. सूचक कोन, अनुमोदक कोन?"

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. चिटणीसांना शेवटी खरंच लिहावं लागलं. अनुमोदक कुणी मिळेना, म्हणून ठराव बारगळला आणि त्या दिवसापासून चहा आणायची पाळी टर्नरच्या सरांवर गेली. इतिवृत्ताच्या वहीत तो चहाचा ठराव अजून असेल.

सहीच्या बाबतीत तर विचारू नका. आधीचे प्राचार्य निवृत्त झाले तेव्हा मोठं शुभेच्छापत्र आणलं होतं. सगळ्यांनी पटापट सह्या केल्या. बाईंनी ते हातात घेतलं, छापलेल्या ओळीवरून बोट फिरवत मोठ्यांदा वाचलं, 'आपण सदैव आमच्या हृदयात राहाल', आणि परत दिलं. "हे खोटं हाय," म्हणाल्या. "ऱ्हानार न्हाईत." मग स्वतःच्या पिशवीतून जुन्या उत्तरपत्रिकेचा कोरा कागद काढून त्यावर लिहून दिलं, 'आपण निवृत्त झालात. तब्येत सांभाळा.' खाली कार्बन होताच. बाईंच्या प्रत्येक कागदाखाली कार्बन असायचा. एक प्रत समोरच्याला, एक पिशवीत. आणि कुठलाही अर्ज ऑफिसात दिला की आवक शिक्का मारून पोच घेतल्याशिवाय जागच्या हलायच्या नाहीत. आवक-जावक बघणारा कारकून इतका वैतागला होता की बाई दिसल्या की न वाचताच शिक्का मारायचा.

मला दिवस गेले ते जून महिन्यात कळलं.

आनंदाची गोष्ट होती, पण आनंद करायला सवड नव्हती. नवऱ्याची हिंजवडीतली कंपनी एका दुपारी तीसचाळीस जणांना घरी पाठवून मोकळी झाली होती, त्यात तो होता. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं. आणि माझा करार जुलैत संपत होता. माझ्या आधी ब्यूटी पार्लरचा ट्रेड शिकवणारी एक मुलगी होती. तिनं चौथ्या महिन्यात भोळेपणानं पेढे वाटले. तिचा चार दिवसांचा खंड अजून संपलेला नाही. तेव्हापासून बायकांत एक रीतच पडून गेली होती. नवा करार हातात पडेपर्यंत तोंड उघडायचं नाही. ओढणी सैल, ओकारी गुपचूप, आणि डॉक्टरची तारीख रविवारी.

तर मीही तेच करत होते. एके दिवशी वायरमनच्या वर्कशॉपवरून जाताना सोल्डरिंगचा धूर नाकात गेला आणि मी ओढणी तोंडाला लावून भराभर पुढे गेले. दहा पावलं गेले नसेन, मागून बाई.

"कोपा, कितवा?"

"काय कितवा?"

"म्हैना."

"काहीतरीच काय बाई. पित्त झालंय."

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "पित्त आसंल तर मोप चांगलं. पर दुसरं काय आसंल तर ऐक. लपवू नगं. तुमी समद्या लपवता आन थितंच फसता. करार व्हायच्या आधी लिवून दे, मी गरोदर हाय म्हनून. पोच घे. मंग तुला काडली तर कशापायी काडली ते कागदावर दिसंल. न्हाई सांगितलंस तर ते म्हननार, आमाला काय ठावं?"

बोलणं ऐकायला बरोबर होतं. तेच मला खटकलं. करारापूर्वी कोण कोण गरोदर आहे हे कळावं असं संस्थेत सगळ्यात जास्त कुणाला वाटत असेल? साहेबांना. आणि रोज साडेअकराला त्यांच्या केबिनमध्ये कोण जातं?

"पित्तच आहे बाई," मी म्हटलं.

"बरं," म्हणाल्या आणि गेल्या. त्या दिवशी साडेअकराला मी कॉम्प्युटर लॅबच्या खिडकीतून बघत होते. गेल्याच केबिनमध्ये. 

आठवड्यानं चिटणीस लॅबमध्ये आले. हातात एक अर्ज. "ताई, तुमच्या खासगी बाबतीत कुणी असं खोदून खोदून विचारणं तुम्हाला तरी पटतं का?" मी चमकले. बाईंनी मला विचारलं हे यांना कसं कळलं? मी फक्त शिवणपाशी बोलले होते, तेही निम्मंच. अर्जात लिहिलं होतं की महिला प्रतिनिधी या महिला कर्मचाऱ्यांना संकोच वाटेल असे प्रश्न विचारतात, तरी त्यांना पदावरून दूर करावं. खाली तीन सह्या झालेल्या.

मी सही का केली ते सांगते, कारण ते सांगण्यासारखं नाही. मला वाटलं, बाईंनी साहेबांना माझं सांगितलं असेल तर आता लोकांना वाटेल की त्या सूड म्हणून सांगतायत. माझ्या सहीनं त्यांचं बोलणं खोटं पडेल. इतका पुढचा विचार करून मी ती सही केली. चौथी. हात थरथरत होता, तरी केली.

शनिवारी बैठकीत अर्ज वाचला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "सह्या बगू." कागद हातात घेऊन एकेक सही बोट लावून वाचली. माझ्याकडे बघितलंही नाही. पाच सह्या होत्या, म्हणजे बाई सोडून सहातल्या पाच. पुढच्या वर्षी निवृत्त होणाऱ्या ग्रंथपालबाईंनीच काय ती केली नव्हती. "इतिवृत्तात लिवा," म्हणाल्या, "आन मला प्रत द्या." प्रत पिशवीत घातली आणि साडेचारच्या टेम्पोनं निघून गेल्या. शिवण नवीन महिला प्रतिनिधी झाली. श्रावणात हळदीकुंकू ठेवायचं असं लगेच ठरलंही.

जुलैत करार आला, त्याच्यासोबत या वेळी एक जादा छापील कागद होता. सगळ्या बायकांसाठी. 'मी आज रोजी गरोदर नाही. ही माहिती खोटी ठरल्यास माझी सेवा विनासूचना समाप्त करण्यास माझी हरकत नाही.' खाली नाव, तारीख, सही.

मी चिटणीसांकडे धावले. ते म्हणाले, "ताई, फॉर्मॅलिटी आहे. करा सही, नंतर आपण बघून घेऊ." शिवण म्हणाली, "तुम्हाला काय भीती? तुम्हाला तर पित्त आहे ना?" आणि माझ्याकडे असं बघितलं की चिटणीसांपर्यंत माझी गोष्ट कुणी नेली ते मला समजलं. घरी नवरा जाहिराती बघत बसलेला. मी सही केली. तिसरा महिना सुरू होता आणि मी स्वतःच्या हातानं लिहून दिलं, गरोदर नाही म्हणून.

दिवाळीच्या सुट्टीनंतर ओढणीनं काही झाकेना. साहेबांनी बोलावून घेतलं. पुण्याचे गृहस्थ, आवाज कधी चढत नसे.

"मॅडम, अभिनंदन. पण तुम्ही जुलैत आम्हाला खोटी माहिती दिलीत. माझा नाइलाज आहे. तुम्हीच राजीनामा दिलात तर तुमचं रेकॉर्ड खराब होणार नाही."

राजीनामा टाईप करून ठेवला होता. पेनही उघडून ठेवलं होतं. मी चिटणीसांना बोलवा म्हटलं, तर ते म्हणे पौडला गेलेत. मला रडायला येत होतं आणि आपण या माणसासमोर रडतोय याचा रागही येत होता.

तेवढ्यात दार उघडलं. बाई. साडेअकरा वाजले होते. आमच्या दोघांकडे न बघता त्या सरळ केबिनच्या मागच्या छोट्या दाराकडे गेल्या, आत शिरल्या, कडी लावली. पाण्याचा आवाज आला. मी साहेबांकडे बघितलं. ते छताकडे बघत होते.

आमच्या वर्कशॉपच्या बाजूला बायकांचं स्वच्छतागृह नव्हतं. मुख्य इमारतीतलं होतं त्याला कडी नव्हती. बाईंनी ते बांधून मागितलं, तीन वेळा लिहून दिलं, तीन पोचा घेतल्या. झालं नाही. तेव्हा बाईंनी साहेबांना कळवलं की बांधून होईपर्यंत मी तुमचं वापरणार. सासऱ्यांच्या जमिनीवर उभ्या असलेल्या साहेबांना नाही म्हणता येईना. हे असं पाच वर्षं चाललं होतं. पाच वर्षं ही बाई रोज तिथे कशाला जाते याचा आम्ही काय काय अर्थ लावला होता!

बाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. टेबलावरचा कागद बघितला, तिरका करून वाचला.

"राजीनामा का देतीस गं?"

साहेबच बोलले. "यांनी जुलैत खोटं लिहून दिलंय. गरोदर नाही म्हणून. संस्थेला काहीच माहीत नव्हतं."

"माहीत न्हवतं?" बाईंनी पिशवीत हात घातला. कार्बनच्या प्रतींचा गठ्ठा काढून शांतपणे एकेक चाळू लागल्या. एक कागद टेबलावर ठेवला. करार झाले त्याच्या आदल्या दिवशीची तारीख, खाली संस्थेचा आवक शिक्का. मला उलटा दिसत होता, तरी मी वाचला.

'विषय: महिला कर्मचाऱ्यांच्या गरोदरपणाबाबत पूर्वसूचना. संस्थेतील खालील सात महिला कर्मचारी गरोदर आहेत असे धरून चालावे. याबाबत त्यांच्याकडून उद्या काही लिहून घेतल्यास ते दबावाखाली घेतले असे समजले जाईल.' खाली सात नावं. पहिलं माझं. मग शिवणसकट बाकीच्या. सहावं ग्रंथपालबाईंचं. सातवं स्वतःचं, पुढे 'वय बावन्न'.

"हा काय चावटपणा आहे?" साहेबांचा आवाज पहिल्यांदा चढला. "तुम्ही? आणि ग्रंथपालबाई? त्यांना नातवंडं आहेत!"

"मंग?" बाई म्हणाल्या. "तुमी आमच्या म्होरं बी ठिवलाच की त्यो छापील कागद. बावन्न वर्साच्या रांडमुंड बाईकडनं लिवून घेताना चावटपना वाटला न्हाई, आन मी लिवून दिलं तर वाटला? आदल्या दिशी हितनं आत जाताना तुमच्या टेबलावर गठ्ठा बगितला मी त्याचा."

"या पत्राला कायद्यात काही किंमत नाही."

"नसंल. कामगार हापिसात जाऊन इचारू. जाताना तुमचा छापील कागद बी घिऊन जाऊ, दोन्हीची किंमत एकदमच कळंल."

साहेबांनी ते पत्र बाजूला सारलं. मग म्हणाले, "तुम्ही आता प्रतिनिधी नाही. या बायकांनीच सह्या करून तुम्हाला काढलंय. ही बाईही त्यात आहे, माहीत आहे ना?"

माझे कान तापले. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

"त्यो आमचा घरचा इषय हाय," म्हणाल्या. "राजीनाम्याचा कागद द्या हिकडं."

आणि साहेबांनी दिला. बाईंनी तो घडी करून पिशवीत घातला, कारण बाई कागद फाडत नसत.

मी रजेवर गेले, बाळंत झाले, परत आले. माझी खुर्ची तिथेच होती आणि पुढचा करारही झाला. तो छापील कागद पुन्हा कुणासमोर आला नाही. आता मी दुसऱ्या संस्थेत आहे. आजही कधी कधी वाटतं, बाईंनी हे माझ्यासाठी केलं, की चिटणीसांची जिरवायला, की आपल्या सासऱ्यांच्या जमिनीवर दुसरं कुणी राज्य करतंय हे त्यांना बघवत नव्हतं म्हणून? स्वभावाला औषध नाही. पण तिन्हींपैकी कुठल्याही कारणानं केलं असलं तरी माझी मुलगी सहा महिने माझ्या मांडीवर होती, आणि त्या सहा महिन्यांत एकही दिवस मला नोकरी गेल्याचं स्वप्न पडलं नाही.

केबिनमधून निघालो त्या दिवशी मी बाईंच्या मागे वर्कशॉपपर्यंत गेले होते. पोरं जेवायला गेली होती. बाई बाकावर पसरलेले वायरचे तुकडे गोळा करत होत्या. मी उभीच राहिले.

"बाई, त्या अर्जावर माझी सही होती."

"ठावं हाय. चार नंबरची."

"मग माझं नाव पहिलं का घातलंत? मी तर तुम्हाला खोटं सांगितलं होतं."

बाईंनी हातातले तुकडे डब्यात टाकले. "बाकीच्या चौघींच्या सह्या झ्याक हुत्या. ठसक्यात केलेल्या. माज्यावर चिडल्या हुत्या त्या. तुझी सही कापत हुती. चिडलेल्या मानसाचा हात कापत न्हाई, भ्यालेल्याचा कापतो. एवडं भ्यायला तुला दुसरं काय कारन हुतं? तवाच म्हनलं, ही पोटुशी हाय."

 रडू येत होतं ते आता आवरलं नाही. मी म्हटलं, "बाई, तुम्हाला माझा राग नाही आला?"

"आला की," बाई म्हणाल्या. "अजून हाय. लई हाय." मग बाकावरची जागा हातानं पुसून त्यांनी मला बसायची खूण केली, पिशवीतून एक कोरा कागद काढला आणि खाली कार्बन सारला. "बस. रजेचा अर्ज लिवू. तारीख कवाची दिलीया डॉक्टरनं?"